दगडू फुटला

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. या सदरातले अनुभव मी जेवताना वाचते, करमणूक म्हणून. दोन-चार जणांना खाली 'झोप पूर्ण घेत जा' असा सल्लाही दिलाय. त्यांनी आता माझा सूड घ्यायला हरकत नाही... मी एकवीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. आमच्या धंद्यात एक नियम असतो – जी गडबड पुन्हा करून दाखवता येत नाही, ती झालीच नाही असं धरायचं. या एका वाक्यावरून मी माझ्या टीममधल्या पोरांना इतकं झापलंय की ती मला मागून काय म्हणतात तेही मला माहिती आहे. तर अशी मी. आणि मागच्या वर्षी दिवाळी उरकल्यावर, दुपारी साडेतीन वाजता, लख्ख उजेडात मी जे ऐकलं ते मला आजतागायत पुन्हा करून दाखवता आलेलं नाही.

आमचं घर माण गावात. खाली आम्ही राहतो, वरचे दोन मजले म्हणजे नुसत्या खोल्या, आयटीतल्या मुलांना भाड्याने दिलेल्या. पूर्वी तिथे आमचं भाताचं खाचर होतं. माझे वडील शेती करायचे आणि ढोलकी वाजवायचे. ढोलकी लग्नातली नव्हे, चळवळीतली. ऐंशी सालाच्या आसपास आपल्या मुळशीत 'चिखलणी कलापथक' नावाचं एक पथक होतं. भात लावायच्या आधी खाचर तुडवतात ती चिखलणी, त्यावरून नाव. ही माणसं गावोगाव शाळेच्या ओट्यावर, देवळापुढे नाटकं करायची. सावकार, तलाठी, दारूचा गुत्ता, धरण... कुणालाच सोडायची नाहीत. धरण आपल्या उशाला आणि उजेड मुंबईला, हे भर गावात ओरडून सांगायची. त्यापायी मार खाल्ला, कोठडीत बसले, तरी थांबले नाहीत. दोन वर्षांपूर्वी वडील गेले आणि पथकाची ट्रंक माझ्या गळ्यात पडली. तीत नाटकांच्या वह्या, हँडबिलं, काही कॅसेट आणि हजेरीचं रजिस्टर.

या हजेरीबद्दल नीट सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावर येऊन थांबतं. प्रयोग सुरू व्हायच्या आधी पथकाचे सेक्रेटरी मधूकाका रजिस्टरातून एकेक नाव पुकारायचे. ज्याचं नाव त्याने 'हजर' म्हणायचं. कुणी कोठडीत असेल तर त्याच्या नावाला सगळ्यांनी मिळून 'हजर' म्हणायचं, म्हणजे पोलिसांनी नेला तरी माणूस पथकातच. नाव एकदाच पुकारायचं, दुसऱ्यांदा हाक नाही. आणि कुणी फितूर झाला, तर त्याचंही नाव एकदा सगळ्यांसमोर पुकारायचं आणि कुणीच काही बोलायचं नाही. ती शांतता झाली की नाव खोडायचं. अख्ख्या रजिस्टरात असं खोडलेलं नाव एकच आहे, दगडू. शेजारी मधूकाकांच्या टपोऱ्या अक्षरात दोनच शब्द – 'दगडू फुटला.'

दगडू पथकाचा गाणारा, धरणामागच्या एका वाडीवरचा. पथकाचा एक मोठा प्रयोग ठरला होता, जागा धरणामागच्या वाड्यांपलीकडे कुणाला कळू द्यायची नव्हती. तरी पोलीस आधीच येऊन बसले आणि सगळ्यांना उचललं. फक्त दगडू त्या दिवशी आलाच नव्हता. तिसऱ्या दिवशी वाडीवरचा एक म्हातारा कोठडीत भाकरी घेऊन आला आणि निरोप सांगून गेला, "दगडू फुटला. आता येत न्हाई." झालं. खबर कुणी दिली ते कळलं, असं सगळ्यांनी धरलं. दगडूने पुढे तोंडच उघडलं नाही. त्याची बायको आमच्या दारात येऊन म्हणाली होती म्हणे, की त्यांचा आवाज गेलाय. तर माझ्या आजीने उत्तर दिलं, "नाटकवाला त्यो, नाटकच करणार." पुढे वर्षानुवर्षं तो खरंच मुका राहिला, तेव्हा लोक म्हणाले, पापाचं फळ. आणि आमच्या घरात तर तो शब्दच झाला. भावाने माझी चहाडी केली की मी म्हणायची, "दगडूगिरी करू नको." माझा मुलगा परवापरवापर्यंत तेच म्हणायचा, दगडू कोण हे माहीत नसताना.

पथकाला पन्नास वर्षं होणार म्हणून मधूकाकांनी पुस्तिका काढायचं मनावर घेतलं. ते मूळचे सदाशिव पेठेतले, पण चळवळीपायी इकडे आले ते पौडजवळच राहिले. आता ऐंशीला टेकलेत. मला म्हणाले, "शुभा, तू कॅसेट कॉम्प्युटरवर घे आणि पहिल्या पानासाठी सगळ्यांची नावं काढ. दगडूचं नको." मी बरं म्हटलं. मला त्यात काही वावगंही वाटलं नाही, हे इथे कबूल करते.

दुसऱ्या मजल्यावरची सात नंबरची खोली रिकामी होती, तिथे मी बस्तान मांडलं. शनिवार-रविवार सकाळी टेपरेकॉर्डर लॅपटॉपला जोडायचा आणि कॅसेट वाजवत बसायचं. एका कॅसेटवर 'दगडू – गाणी' असं लिहून काट मारलेली, खाली 'सभा, सुटल्यावर', म्हणजे कोठडीतून. पथकाने ठराव करून त्याची गाणी पुसली होती, त्यांच्यावरच सभा रेकॉर्ड केलेली. त्याच्या गाण्यांची दुसरी एकही कॅसेट नाही. मी ती लावली. हजेरी सुरू झाली. मधूकाकांचा तरणा आवाज, "शंकर." आणि माझे वडील, विशी-पंचविशीतले, ठणठणीत, "हजर!" मला रडू आलं. ते लपवायला खोलीत कुणी नव्हतं. मग "दगडू." आणि चार-पाच सेकंद काही नाही. कुणाचं तरी खोकणं, बाकडं करकरल्याचा आवाज, आणि पुढचं नाव. मी फाइल केली, नाव दिलं, सेव्ह केली. स्क्रीनवर आवाजाची रेघ दिसते ना, ती त्या जागी जवळजवळ सपाट होती. तेव्हा मी हे मुद्दाम पाहिलं नव्हतं, पण सगळ्या फाइलींचे स्क्रीनशॉट काढायची मला खोड आहे, त्यामुळे पुरावा आहे.

पुढच्या शनिवारी सुमनताई आली. गेटातून तिने "कुणी हाय का घरात" अशी हाक मारली, ती मला दुसऱ्या मजल्यावर, दार लावलेलं असताना ऐकू आली. एवढा भरदार आवाज बाईचा मी ऐकलेला नाही. वय पंचेचाळीसच्या आसपास. कासार आंबोलीत एका बंगल्याची देखभाल करते, शनिवारी-रविवारी मालक आले की स्वयंपाकही. त्या दिवशी मालक येणार नव्हते म्हणून दोन गाड्या बदलून आली होती. मी पाणी दिलं, तर ते हातात धरूनच म्हणाली,

"मी दगडूची पोरगी. तुमी जुन्या टेपा वाजवताय म्हनं. माज्या बाचा आवाज हाय का त्यात?"

मी खुर्ची पुढे सरकवली. ती घाईघाईने म्हणाली, "पैसा-बिसा काय नको मला. येकदा ऐकायचाय फकस्त. मी जल्मले त्याच्या आधीच गेला त्येंचा आवाज. मी कदी ऐकलाच न्हाई. मरताना बी नुसती बोटं हालवली."

आता हिला काय सांगायचं? मी सरळ सांगितलं की ताई, गाणी पुसलीयेत. का पुसली तेही सांगणं भाग होतं, म्हणून रजिस्टर काढलं. लाज वाटत होती. बोट ठेवून वाचून दाखवलं, "दगडू फुटला." मला वाटलं बाई आता रडेल, नाहीतर माझी आई-बहीण काढेल. तिने नुसती मान हलवली.

"व्हय. फुटलाच की. दवंडी देत फिरले ना चार दिस. अंगात ताप, वर डोंगरातलं वारं. आठ वाड्या वरडत फिरले, परयोगाला या म्हनून. शेवटच्या वाडीवर गळा फुटला, रगत आलं तोंडातून. आई सांगायची. मग कुटनं जात्यात परयोगाला."

मी रजिस्टराकडे बघत बसले. गळा फुटला, आवाज फुटला. आमच्याकडेही म्हणतात की. माझे वडीलही म्हणायचे. भाकरी घेऊन आलेला तो म्हातारा, त्याला फितुरी-बितुरी काय ठाऊक, त्याने झालं ते सांगितलं. पण साक्षीदार फुटतो, पुढारी फुटतो, हे रोज पेपरात वाचणाऱ्या मधूकाकांनी कोठडीत बसून एकच अर्थ ऐकला. आणि बाकीच्यांनी, माझ्या वडिलांनीसुद्धा, तो दुरुस्त केला नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. त्यात दगडू वाडीवरचा. आमच्या आळीतला कुणी आला नसता, तर आधी त्याच्या घरी जाऊन विचारलं असतं. हे मला कुणी सांगायला नको.

"तुमी काय समजला व्हता?" सुमनताईने विचारलं.

मी सांगितलं. तिने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "आमी समजायचो गरिबाला इसरले. इसरतात मानसं. मंग आईला गावात कुनी हाळदीकुकवाला का बोलवत नव्हतं ते आता कळलं." आणि जाताना दारात थांबून, "पुस्तकात नाव घालनार का?" मी म्हटलं, घालणार. कुणाला विचारून म्हटलं देव जाणे.

त्याआधी तिला ती कॅसेट ऐकवली होती, राहिलंच सांगायचं. म्हटलं गाणं नाही तर नाही, निदान बापाचं नाव तरी ऐकेल. "दगडू." शांतता. त्या शांततेत मला कुणीतरी श्वास घेतल्यासारखं वाटलं, बोलायच्या आधी माणूस घेतो तसा. सुमनताईला काही ऐकू आलं नाही. मी मनावर घेतलं नाही. पुसलेल्या टेपवर जुन्याचा थोडा अंश राहतो, हे मी वाचलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी लॅपटॉप घेऊन पौडला मधूकाकांकडे गेले. त्यांची सून ऑफिसच्या कसल्याशा कामाला गेली होती, घरात ते एकटेच. पुढच्या खोलीत पुस्तिकेचं प्रूफ तपासत बसलेले. बाहेर ट्रॅफिक, समोर टायरवाल्याचं काम चालू. जागा कसलीही 'तशी' नव्हती, म्हणून हे सांगतेय. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी मुलगी येऊन काहीही सांगेल, शुभा. बापाची बाजू कोण घेणार नाही?"

"तिला बाजू घ्यायची आहे हेच माहीत नव्हतं, काका. तिला तो शब्द साधा वाटला."

"मग खबर कुणी दिली?"

"मला काय माहिती. कदाचित कुणीच दिली नसेल. आठ वाड्यांवर दवंडी दिलीत तुम्ही, पोलिसांना कान नव्हते का?"

ते चिडले. मीही चिडले. माझा आवाज चढला, त्यांचाही. म्हणाले, "पुरावा काय आहे तुझ्याकडे? तू तर टेस्टिंगवाली. पुरावा दाखव." पुरावा माझ्याकडे काहीच नव्हता. म्हटलं, निदान तुमचं तुम्ही ऐका, कसं खोडलंत ते. नुसत्या रागाने मी फाइल लावली. नीट वाचा, कॅसेट नव्हे. कॅसेट घरी माणला होती. फाइल, आठवडाभर आधी केलेली, कुणी हात न लावलेली.

तरण्या मधूकाकांनी एकेक नाव पुकारलं. म्हातारे मधूकाका खाली बघत ऐकत होते. वडिलांचं 'हजर' आलं. मग "दगडू."

खोकणं. बाकडं.

"हजर."

घोगरा नाही, भुताखेताचा असतो म्हणतात तसला काही नाही. भरदार, खर्जातला, गाणाऱ्या माणसाचा असतो तसा मोकळा आवाज. थोडी धाप लागलेली, जसं लांबून चालत आलेल्याला लागते. मग पुढचं नाव, आणि हजेरी पुढे चालू राहिली.

मी मधूकाकांकडे पाहिलं नसतं तर मला भास झाला असं म्हणून मी विषय संपवला असता. त्यांच्या हातातलं प्रूफ खाली पडलं होतं. ओठ हलत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हा फुटायच्या आधीचा." मग, "परत लाव."

मी परत लावली. काही नाही. नुसती शांतता. पुन्हा लावली, पंचवीस-तीस वेळा लावली असेल. हेडफोन लावून, आवाज पूर्ण वाढवून. खोकणं, बाकडं, पुढचं नाव. शेवटी मधूकाकांनीच माझा हात धरला. "नको. दुसऱ्यांदा हाक मारायची नसते. पद्धत आहे आपली." एवढं बोलून तो ऐंशी वर्षांचा माणूस लहान मुलासारखा रडला. मी त्यांना गप्प केलं नाही. खरं सांगायचं तर मला दयाच आली नाही, तेव्हा.

त्याच आठवड्यात त्यांनी मला गाडी काढायला लावली आणि आम्ही कासार आंबोलीला गेलो. सुमनताई बंगल्यामागे कपडे वाळत घालत होती. तिने शेडखाली दोन खुर्च्या मांडल्या. मधूकाका बसले नाहीत. प्रूफचं पहिलं पान पुढे धरलं, त्यात सगळ्यांत वर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, दगडू, गायक. म्हणाले, "माझं चुकलं बाई. एका शब्दाने मी तुझ्या बापाला मारला."

तिने कागद घेतला, नाव वाचलं, घडी घातली. "आता मला सांगून काय उपेग? आईला सांगाया पायजे व्हतं. ती बी गेली." रागाने नाही म्हणाली. नुसतं होतं ते म्हणाली. मधूकाकांना त्यापेक्षा तिने चप्पल मारली असती तर बरं वाटलं असतं.

मग मी तिला घडलेलं सांगितलं. लपवावं असं वाटलं होतं, पण ते बरोबर झालं नसतं. फाइलही लावली. ती लॅपटॉपला कान लावून बसली, डोळे मिटून. नाव आलं, शांतता आली, गेली. तिने तीनदा लावायला लावली. ज्या बाईने आयुष्यभर तेवढीच एक इच्छा धरली, तिला काही ऐकू आलं नाही. ज्याने नाव खोडलं त्याला आणि ज्या घरात त्या नावाची शिवी झाली तिथल्या मला ऐकू आलं. हे मला अजून सहन होत नाही.

आता स्पष्टीकरण. साउंडचं काम करणाऱ्या एका मित्राला मी फाइल दिली. तो म्हणाला, पुसलेल्या टेपवर जुनं काहीबाही राहू शकतं, पण गाण्याच्या कॅसेटवर 'हजर' कुठून येणार? आणि एकदा केलेली फाइल आपणहून बदलत नाही. त्याने ती जागा मोठी करून दाखवली. सपाट रेघ, माझ्या स्क्रीनशॉटमधल्यासारखीच. दोन माणसांना एकाच क्षणी एकच भास होतो का? होतही असेल. मला माहीत नाही. माझ्या टीममधल्या कुणी हे आणलं असतं तर मी 'पुन्हा करून दाखव' म्हणून परत पाठवलं असतं. माझ्या गडबडींच्या यादीत ते उघडंच आहे, बंद करता येत नाही.

पण त्या दिवशी शेडखाली अजून एक झालं, तेवढं सांगते. आम्ही निघालो तेव्हा सुमनताईने मला हाताला धरून थांबवलं. मधूकाका गाडीत जाऊन बसले होते. बंगल्याच्या मालकीणबाईंना मोठ्याने बोललेलं चालत नाही, म्हणून ती दबक्या आवाजात बोलायची, तशीच तिने विचारलं,

"तुमास्नी आला ना ऐकू. मंग सांगा तरी, कसा व्हता?"

मला शब्द सापडेनात. गोड म्हणू, मोठा म्हणू... आणि मग मला ती गेटातली हाक आठवली, दुसऱ्या मजल्यावर दार लावलेलं असताना आलेली.

"तुझ्यासारखा," मी म्हटलं. "हुबेहूब तुझाच, ताई. फक्त पुरुषाचा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग वाळत घातलेल्या कपड्यांकडे तोंड करून, दबक्या नाही, आपल्या खऱ्या आवाजात, एकदाच म्हणाली, "हजर." आणि ऐकत उभी राहिली.